मिठागरातलं पाणी आटतं, सुकतं, उडतं की त्याचं बाष्पीभवन होतं?

आगरवाड्याची सून

नमस्कार मंडळी, प्रश्न शब्दांचा आहे पण सुरू होतो मिठापासून, त्यामुळे थोडं सांगावं लागेल. आमचं घर गोव्यात पेडण्याला, मिठागरांना अगदी लागून. सासऱ्यांचं सगळं आयुष्य आगरात राबण्यात गेलं, आता गुडघे साथ देत नाहीत तरी डिसेंबर लागला की सकाळी बांधावर जाऊन बसतात आणि कोणाच्या वाफ्यात किती पाणी आहे ते बघत राहतात. मुलगा मराठी प्राथमिक शाळेत चौथीला. परवा चाचणीत प्रश्न होता, समुद्राच्या पाण्यापासून मीठ कसे मिळते. ह्याने लिहिलं, "भरतीचे पाणी वाफ्यात घेतात. उन्हाने पाणी आटते. मग मीठ पिकते." बाईंनी 'आटते' आणि 'पिकते' दोन्हीखाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं 'बाष्पीभवन होते' आणि अर्धा मार्क कापला.

अर्ध्या मार्काचं मला काही नाही हो. पण पोरगा वही घेऊन आजोबांकडे गेला आणि म्हणाला, आजोबा तुमचा शब्द चुकीचा आहे. ते बिचारे गप्प बसले, मग म्हणाले, "उदक आटता, मीठ पिकता. आनी कितें म्हणपाचें?" ते ऐकून मला फार लागलं. ज्या माणसाने हजारो वेळा ते पाणी आटताना बघितलं त्याचा शब्द चूक कसा असेल?

तर मला खरंच समजून घ्यायचंय की 'आटणे' विज्ञानात चूक आहे का, आणि मग सुकणे, वाळणे, उडून जाणे ह्या सगळ्यात फरक काय, कारण आपण बोलताना कुठे कुठला वापरायचा ते बरोबर कळतं पण कोणी का म्हणून विचारलं तर सांगता येत नाही. शिवाय घरात एक पुस्तक आहे त्यात बाष्पीकरण लिहिलंय, शाळेच्या पुस्तकात बाष्पीभवन, तर बरोबर कुठलं? आणि मुलाची स्वतःची एक शंका, मिठागरातल्या वाफ्याला वाफा म्हणतात कारण तिथून पाण्याची वाफ होते का? मला ते पटलं होतं, पण आता काहीच खात्री वाटत नाही.

रसायनवाला मडगाव

ताई, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. आधी सासऱ्यांना सांगा की त्यांचा शब्द चूक नाही. बाई सुद्धा पूर्ण चुकल्या असं मी म्हणणार नाही, पण अर्धा मार्क कापण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आटणे म्हणजे द्रव कमी होत जाणं. तो कशामुळे कमी झाला, कुठे गेला, ते हा शब्द सांगत नाही. दूध आटतं तेव्हा त्यातलं पाणी हवेत जातं, ते बाष्पीभवनच (दूध उकळत असतं तरी जातं वाफ होऊनच). पण मे महिन्यात विहीर आटते ती मुख्यतः जमिनीखालची पाण्याची पातळी खाली गेली म्हणून, उन्हाने विहिरीतलं पाणी उडालं म्हणून नव्हे, वर तर झाडांची सावली असते. म्हणजे आटणे हे डोळ्यांना दिसणारं फळ आणि बाष्पीभवन हे त्यामागच्या अनेक कारणांपैकी एक. बाईंना कारण हवं होतं, मुलाने जे दिसलं ते लिहिलं. "बाष्पीभवनामुळे पाणी आटते" असं लिहिलं असतं तर दोन्ही शब्द आपापल्या जागी बसले असते.

आता मिठागराबद्दल, कारण तिथे 'आटणे' हा शब्द खरं तर 'वाळणे' किंवा 'सुकणे' पेक्षा कितीतरी अचूक आहे आणि हे आगरात काम केलेल्या माणसालाच माहीत असतं. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं खायचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घेत घेत आटवत नेतात. आधी खाली बसतो तो चुना-जिप्सम असा भाग, मग मूळ पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरला की मीठ धरू लागतं, म्हणजे त्याचे खडे होऊ लागतात. आणि इथे थांबायचं असतं! पाणी पूर्ण सुकू दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार पण मिठाबरोबर खाली येतात आणि मीठ कडवट होतं. म्हणून मीठ त्या दाट पाण्यातूनच ओढून बांधावर काढतात, ढीग करतात, आणि मग ते बांधावर सुकतं. म्हणजे वाफ्यात पाणी *आटतं*, बांधावर मीठ *सुकतं*. मुलाने 'पाणी सुकते' लिहिलं असतं तर मी सुद्धा रेघ मारली असती.

१ किलो मिठासाठी हिशोबाने किमान ३७ लिटर समुद्राचं पाणी लागतं, आणि खाडीचं पाणी समुद्रापेक्षा कमी खारट असेल तर अजून जास्त. सासऱ्यांनी जन्मभरात किती पाणी हवेत पाठवलं असेल त्याचा मुलाला हिशोब घालून बघू दे, गणित पण होईल.

फोंड्याची मावशी

मी मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. मडगावच्या सरांनी विज्ञानाचं छान सांगितलं, मी शब्दांचं सांगते.

सुनबाई, बाष्पीभवन आणि बाष्पीकरण दोन्ही शब्द शुद्ध आहेत पण एकच नाहीत. संस्कृतात आधी जे तसं नव्हतं ते तसं होणं दाखवायला शब्दाच्या शेवटी दीर्घ ई येते आणि पुढे 'भू' किंवा 'कृ' लागतो. भवन म्हणजे आपोआप होणं, करण म्हणजे कुणीतरी करणं. घनीभवन, द्रवीभवन एकीकडे आणि शुद्धीकरण, राष्ट्रीयीकरण दुसरीकडे, राष्ट्रीयीभवन कधी ऐकलंय का? मिठागरात ऊन-वाऱ्याने आपोआप होतं ते बाष्पीभवन, कारखान्यात यंत्राने करतात त्याला बाष्पीकरण म्हटलं तर शोभेल. हिंदीत मात्र बऱ्याचदा दोन्हीला वाष्पीकरण म्हणतात, तुमच्या घरातलं पुस्तक हिंदीवरून आलेलं असू शकेल. आणि कृपा करून मुलाला 'बाष्पिभवन' असं ऱ्हस्व लिहू देऊ नका, ती ई दीर्घच, तिच्यातच सगळा अर्थ आहे.

आता गंमत बघा, आपली घरची भावंडं पण अशीच जोडीने आहेत. आटणे आणि आटवणे, सुकणे आणि सुकवणे, कढणे आणि कढवणे, वाफ येणे आणि वाफवणे. जे संस्कृत भवन-करण लावून करते ते मराठी एका 'व'ने करते.

बाष्प आणि वाफ हे तर एकच शब्द. बाष्प प्राकृतात झाला बप्फ, आणि बप्फची झाली आपली वाफ (हिंदीची भाप त्याच घरची). म्हणजे शाळेतला मोठा शब्द आणि स्वयंपाकघरातला छोटा शब्द ह्यांचं रक्ताचं नातं आहे, मुलाला हे जरूर सांगा. संस्कृतात बाष्प म्हणजे अश्रू सुद्धा. डोळ्यांत दाटून येतं ते बाष्प आणि पाण्यावरून उठतं ते पण बाष्प, मला हा शब्द शिकवताना दर वर्षी थांबावंसं वाटायचं.

वाफ्याची शंका फार गोड आहे पण तसं नाही. वाफा हा शेतीतला शब्द. भोवती बांध घालून पाणी धरायला केलेला जमिनीचा तुकडा, मग त्यात मिरच्यांची रोपं असोत की मीठ. मला वाटतं मिठागराची बरीच बोली शेतीतूनच आलेली आहे. आगर बघा, मिठाचं पण आगर आणि माडांचं पण आगर. आणि म्हणूनच मीठ 'पिकतं'. मिठागरवाल्यांना ते पीकच आहे, त्याला हंगाम आहे, नांगरणीसारखी वाफ्यांची मशागत आहे, अवेळी पाऊस आला की नुकसान आहे. 'पिकते' खालची लाल रेघ मला 'आटते' खालच्या रेघेपेक्षा जास्त खटकली. तो शब्द लाक्षणिक आहे पण शेकडो वर्षं वापरातला आहे, चूक कशी म्हणणार?

सोलापूर ते पणजी

मी मूळचा सोलापूरचा, नोकरीमुळे अकरा वर्षं पणजीत. सुकणे-वाळणे बद्दल माझं निरीक्षण टाकतो. आमच्याकडे कपडे *वाळत* घालतात, इथे *सुकत* घालतात. सुरुवातीला घरमालकीण काकू म्हणायच्या कपडे सुकले का रे, तर मला वाटायचं कपड्यांना काय झालं, कारण आमच्याकडे सुकतं ते फूल, सुकतो तो चेहरा, म्हणजे सुकण्यात कोमेजण्याचा भाव आहे. वाळवण असतं पापड-कुरडयांचं, आणि मासे मात्र सगळीकडे सुकेच, वाळके मासे कोणी म्हणत नाही. इथे मे महिन्यात पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) गडबड असते तेव्हा सुकी सुंगटं (कोळंबी), सुके बांगडे, सोलं, सगळं सुकवलेलंच. म्हणजे प्रदेशाचा फरक आहे, चूक-बरोबर नाही.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. सुकणं-वाळणं त्या *वस्तूचं* असतं जिच्यातून पाणी गेलं, आटणं त्या *पाण्याचं* असतं जे गेलं. कपडे आटले म्हणत नाही आणि दूध वाळलं म्हणत नाही. विहीर आटली, म्हैस आटली म्हणतो तिथे पण मनात पाणी आणि दूधच असतं. घसा असतो तो कोरडा पडतो.

अजून एक शब्द ह्या धाग्यात यायलाच पाहिजे, जिरणे. आमच्याकडे पाऊस कमी म्हणून लहानपणापासून भिंतींवर वाचलंय, पाणी अडवा पाणी जिरवा. जिरतं ते पाणी जमिनीत जातं, आटतं ते बहुतेक वेळा वर जातं. दुष्काळी माणसाला ह्या दोन शब्दांतला फरक म्हणजे एका वर्षाच्या पिकाचा फरक. पूर असेल तर पाणी ओसरतं, भाजी धुतली की निथळते, भिंतीतून झिरपतं. पाणी दिसेनासं होण्याला आपल्याकडे इतके शब्द आहेत आणि प्रत्येकात ते कुठे गेलं ते वेगळं आहे. मडगावच्या सरांनी म्हटलं की आटणे कुठे गेलं ते सांगत नाही, ते बरोबर, पण जिरणे, निथळणे, ओसरणे हे सगळे बाजूला काढल्यावर उरतं ते आटणे, त्यामुळे ऐकणाऱ्याला अर्धं उत्तर मिळालेलंच असतं असं माझं मत.

आणि वाफसा! पाऊस पडून गेल्यावर जमीन एकदम चिखल पण नाही आणि कोरडी पण नाही, मातीत हात घातला की ओल लागते पण चिकटत नाही, त्याला आम्ही वाफसा आला म्हणतो आणि मगच पेरणी. जास्तीचं पाणी थोडं जिरलेलं असतं, थोडं उडालेलं असतं, आणि मातीच्या भेगांत हवा शिरलेली असते. ह्याला पुस्तकी शब्द आहेत पण वाफशाइतका नेमका एकही नाही. माझे वडील नुसती ढेकळं पायाने फोडून सांगायचे, आज नाही, उद्या दुपारी.

म्हापश्याचा वाचक

सगळं छान आहे पण परीक्षेत पुस्तकातला शब्द लिहावा हे माझं स्पष्ट मत. उद्या हा मुलगा मोठ्या वर्गात जाईल, तिथे 'पाणी आटतं' म्हणून चालणार नाही. बाईंनी त्याच्या भल्यासाठीच केलं.

फोंड्याची मावशी

@म्हापश्याचा वाचक, पुस्तकातला शब्द शिकवावाच, त्यात दुमत नाही. मी असते तर बाजूला लिहिलं असतं "छान! ह्यालाच बाष्पीभवन म्हणतात" आणि पूर्ण मार्क दिले असते. मुलाला आधीपासून येत असलेल्या शब्दावर नवा शब्द बसवला तर तो पक्का राहतो. आधीचा खोडून नवा लिहिला तर दोन्ही डळमळतात, हे मी वर्गात खूपदा पाहिलंय.

आगरवाड्याची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना मडगावच्या सरांचं वाचून दाखवलं, आटतं आणि सुकतं वालं, तर म्हणाले ह्या मनशाक आगर खबर आसा. कडवट मिठाचं पण त्यांनी लगेच ओळखलं, शेवटचं पाणी सोडून द्यायचं असतं म्हणाले.

आता मुलाचा पुढचा प्रश्न, तो ऐकून मी पण अडकले. तो म्हणतो, भाताच्या टोपावरून वाफ येते ती दिसते, मिठागरात एवढं पाणी जातं तर वाफ दिसत का नाही? आणि पाणी उकळायला १०० अंश लागतात तर मिठागर काय १०० अंश तापतं का?

रसायनवाला मडगाव

ताई, तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा, हे दोन्ही प्रश्न मला पहिल्या वर्षाच्या मुलांकडून सुद्धा येत नाहीत.

दुसरा आधी. उकळणं आणि बाष्पीभवन वेगळं. पाण्याचे कण सतत हलत असतात, काही हळू, काही जोरात. पृष्ठभागावरचे जे जोरात असतात ते सुटून हवेत जातात, आणि हे कुठल्याही तापमानाला चालू असतं, रात्री सुद्धा, फ्रिजमध्ये सुद्धा. उकळताना मात्र पाण्याच्या आतमध्ये, बुडाशी सुद्धा वाफेचे बुडबुडे तयार होतात, त्याला समुद्रसपाटीला १०० अंश लागतात (महाबळेश्वरला साधारण ९५ पुरतात, हवेचा दाब कमी असतो म्हणून). पुस्तकात उकळण्याला उत्कलन म्हणतात. घरी आपण डाळ-भाताला आधण आलं म्हणतो ते हेच. तर मिठागर उकळत नाही, ते फक्त पृष्ठभागावरून देत राहतं, म्हणूनच वाफे उथळ आणि पसरट असतात. पृष्ठभाग जेवढा मोठा, ऊन जेवढं कडक, वारा जेवढा जास्त आणि हवा जेवढी कोरडी तेवढं पाणी भरभर जातं. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो त्याचं मोठं कारण पण हेच.

आता पहिला, तो जास्त अवघड. भाताच्या टोपावर जे पांढरं दिसतं ते खरं तर बाष्प नव्हेच! बाष्प हा वायू, तो डोळ्यांना दिसत नाही. तो वर येऊन गार हवेत शिरला की त्याचे पाण्याचे बारीक थेंब होतात आणि ते थेंब आपल्याला पांढरे दिसतात. किटलीच्या तोंडाजवळ नीट बघा, अगदी तोंडाशी थोडी जागा पारदर्शक असते आणि पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं (मुलाला लांबूनच बघू द्या, हात जवळ नको, तिथेच सगळ्यात जास्त भाजतं). त्या परत थेंब होण्याला संघनन म्हणतात, भूगोलाच्या पुस्तकात सांद्रीभवन लिहिलेलं असतं, गोष्ट एकच. मिठागरावर बाष्प उठतं पण तिथली हवा गरम असते, वारा ते वाहून नेतो, थेंब होतच नाहीत, म्हणून दिसत नाही. थंडीतल्या पहाटे खाडीवर धुकं असतं ना, तेव्हा मात्र दिसतं, आणि ऊन आलं की ते *विरतं*, म्हणजे थेंबांचं परत बाष्प होतं. विरणे हा त्यासाठी किती सुंदर शब्द आहे.

म्हणून मराठीत वाफ आणि बाष्प मूळचे एक असले तरी आता कामं वाटून घेतल्यासारखे वागतात. वाफ म्हणजे गरम, बहुतेक वेळा दिसणारी, चटका देणारी. बाष्प म्हणजे हवेतलं, न दिसणारं, थंड असलं तरी चालतं. हवेत बाष्प जास्त आहे म्हणतो, वाफ जास्त आहे म्हणत नाही.

सोलापूर ते पणजी

सर, ह्यावरून एक विचारायचं होतं. माठातलं पाणी सोलापुरात मे महिन्यात दात शिवशिवतील इतकं गार व्हायचं, इथे तोच गावाहून आणलेला माठ ठेवला तर जेमतेम. मला आधी वाटलं माठ जुना झाला, भोकं बुजली.

रसायनवाला मडगाव

माठ बिचारा बरोबर आहे, हवा वेगळी आहे. माठाच्या भिंतीतून पाणी बाहेर झिरपतं आणि तिथून उडतं. उडणारे कण जोरातले असतात, ते उष्णता घेऊन जातात, मागे राहिलेलं गार होतं. आणि ही उष्णता थोडीथोडकी नाही, १ लिटर पाणी ३० अंशावरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी लागते त्याच्या साडेसात पटीहून जास्त उष्णता ते सगळं पाणी वाफ करून घालवायला लागते. (बासुंदीला उकळी लगेच येते आणि आटायला मात्र तासभर ढवळावं लागतं ते ह्यामुळेच.) गोव्यात हवेत आधीच भरपूर बाष्प, त्यामुळे माठावरचं पाणी हळू उडतं. घामाचं पण तेच, घाम येतो पण उडत नाही, म्हणून आपण म्हणतो *उकडतंय*. सोलापुरात तापमान जास्त असून माणूस 'ऊन लागतंय' म्हणतो आणि इथे कमी असून 'उकडतंय' म्हणतो. भात जसा बंद टोपात स्वतःच्या वाफेत उकडतो तसाच माणूस.

सत्तरीतला काजूवाला

उशिरा आलो, पण आमच्या धंद्यातला शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. काजूची बोंडं मळून रस काढायचा, तो आंबवायचा, मग भाटीवर चढवायचा. भांड्यातला रस तापून वाफ होते, नळीतून जाते, आणि दुसऱ्या मडक्यात परत पाणी होते, त्या मडक्यावर गार पाणी ओतत राहायचं. पहिल्यांदा येतो तो उर्राक, तोच परत भाटीवर घातला की फेणी. सगळा खेळ बाष्पीभवन आणि ते सर म्हणाले ते संघनन ह्यांचाच. पण आम्ही काय म्हणतो? फेणी *गाळतो*. चहा पण गाळतो आणि फेणी पण गाळतो! चहा गाळताना वाफेचा संबंधच नाही. माझी मुलगी बारावीला आहे, तिने एकदा पेपरात फेणी गाळण्याला गाळण पद्धत लिहून मार्क घालवले, खरा शब्द होता ऊर्ध्वपातन. तेव्हापासून मला ह्या शब्दांचं फार वाटतं.

फोंड्याची मावशी

दादा, ऊर्ध्वपातन शब्दाची फोड करून बघा, ऊर्ध्व म्हणजे वर, पातन म्हणजे पाडणं. वर नेऊन खाली पाडायचं, तुमच्या भाटीचं नुसतं चित्रच आहे ते. आणि गाळणे मध्ये मला चूक दिसत नाही, थेंब थेंब गळतो म्हणून गाळणे. तुम्ही शेवट बघता, थेंब गळताना. पुस्तक सगळा रस्ता बघतं. मुलीला सांगा बोलताना गाळते म्हण, पेपरात ऊर्ध्वपातन लिही.

रसायनवाला मडगाव

थोडी भर. ह्यात नुसतं बाष्पीभवन नाही, *निवड* आहे. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, पाणी १०० ला, त्यामुळे त्या वाफेत रसापेक्षा अल्कोहोलचा वाटा जास्त. एकदा केलं की उर्राक, साधारण १५ टक्के, परत केलं की फेणी, ४२ च्या आसपास. मिठागरात आपल्याला मागे *राहिलेलं* हवं असतं आणि भाटीत *गेलेलं* हवं असतं, क्रिया तीच.

कापूर उडतो त्याला पण कोणी बाष्पीभवन म्हणेल म्हणून सांगून ठेवतो, तो द्रव न होताच थेट वायू होतो, त्याचं नाव संप्लवन. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या लहान होत जातात त्या पण तशाच. रोजच्या बोलण्यात मात्र अत्तर उडतं, पेट्रोल उडतं, कापूर उडतो, सगळ्यांना एकच 'उडणे' पुरतं.

म्हापश्याचा वाचक

मी वर जरा कडक बोललो असेन. वाचून एक विचारावंसं वाटलं, पावसाळ्यात आगरातलं जाडं मीठ बरणीत पाणी पाणी होतं, मग ते कुठून येतं? बरणी तर बंद असते.

रसायनवाला मडगाव

हवेतूनच येतं, झाकण कितीही बंद केलं तरी रोज उघडतोच ना. संपृक्त (अजून मीठ विरघळणार नाही इतक्या दाट) मिठाच्या पाण्यावरची हवा साधारण ७५ टक्के आर्द्रतेला समतोलात येते. त्याहून हवा कोरडी असेल तर पाणी उडतं आणि मीठ धरतं, जास्त दमट झाली की उलटं, मीठच हवेतलं बाष्प ओढून पाझरायला लागतं. जाड्या मिठात जे थोडे मॅग्नेशियमचे क्षार राहतात ते तर त्याच्याही आधी ओढतात. म्हणजे जूनमध्ये पाऊस पडला नाही, नुसती हवा कोंदट दमट झाली तरी आगराचा हंगाम तिथेच संपतो.

फोंड्याची मावशी

आणि त्याला शब्द आहे, *सादळणे*. पापड सादळले, बिस्किटं सादळली. मिठाला मात्र पाणी सुटतं, किंवा ते पाझरतं. मराठीने इथे पण मिठाला वेगळं ठेवलंय.

आगरवाड्याची सून

काल संध्याकाळी मुलाने स्वतः वहीत परत उत्तर लिहिलं, मी काही सांगितलं नाही. "भरतीचे पाणी वाफ्यात घेतात. ऊन आणि वाऱ्याने त्याचे बाष्पीभवन होते म्हणून पाणी आटते. सगळे सुकू देत नाहीत. मग मीठ पिकते. ते बांधावर सुकवतात." सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी 'बाष्पीभवन' दोनदा म्हणून बघितलं, मग म्हणाले वारा पयलीं बरय, मागीर वोत (आधी वारा लिही, मग ऊन). त्यांच्या मते उन्हापेक्षा वाऱ्याचा हात जास्त, ढगाळ दिवशी वारा असला तरी मीठ धरतं पण वारा पडला की नाही. तर त्याने ते खोडून "वारा आणि उन्हाने" केलं. सोमवारी वही बाईंना दाखवणार आहे.